उर्वशी बुटालिया : संपादिकेने लिहिलेला इतिहास



उर्वशी बुटालिया यांचे नाव तुम्ही बहुधा 'द अदर साइड ऑफ सायलेन्स' (1998) या पुस्तकामुळे ऐकले असेल. फाळणीचा मौखिक इतिहास म्हणून ते वर्गात वाचले जाते. मात्र ते लिहिणारी व्यक्ती व्यवसायाने संपादक आणि प्रकाशक आहे, हे विसरून वाचले तर पुस्तकाचा मोठा भाग हातून निसटतो.

चरित्र थोडक्यात पाहू. जन्म 1952, अंबाला. दिल्ली विद्यापीठात साहित्याचे शिक्षण आणि नंतर प्रकाशन व्यवसायात नोकरी. 1984 मध्ये रितू मेनन यांच्यासह 'काली फॉर विमेन' ही भारतातली पहिली स्त्रीवादी प्रकाशन संस्था काढली. 2003 पासून त्यांची स्वतःची 'जुबान'. 2011 ची पद्मश्री दोघींना मिळून. परीक्षेपुरते एवढे पुरे.

'काली'च्या एका पुस्तिकेकडे मात्र नीट पाहा. 'शरीर की जानकारी' ही राजस्थानातल्या खेड्यांमधील स्त्रियांनी तयार केली. तिच्यातली उघड्या शरीराची चित्रे गावात दाखवली तेव्हा हरकत आली : अशी बाई आम्हाला कुठे दिसते? मग चित्रावर कपड्यांची कागदी झडप बसवली. ती उचलली की आतले शरीर दिसे. लेखिका म्हणून श्रेय गेले 75 जणींना. ऐकून बदलणे आणि नाव ज्याचे त्याला देणे, ही बुटालियांची कामाची रीत इथे दिसते.

1984 च्या शीखविरोधी हिंसाचारानंतर दिल्लीत मदतकार्य करताना त्यांना वृद्धांकडून फाळणीच्या आठवणी ऐकू येऊ लागल्या. पुढे अनेक वर्षे त्यांनी मुलाखती घेतल्या. त्या छापताना त्यांनी बहुतेक ठिकाणी स्वतःचे प्रश्न काढून टाकले आणि उत्तरे सलग निवेदन म्हणून दिली. तसे केल्याचे पुस्तकात सांगितलेही आहे. याने बोलणाऱ्याचा आवाज अखंड मिळतो, हे खरे. पण कोणते वाक्य आपणहून आले आणि कोणते विचारल्यावर, हे वाचकाला कळत नाही. मला हा तोटा लहान वाटत नाही. त्यातही गंमत अशी, की लाहोरमध्येच राहून धर्मांतर केलेल्या आपल्या मामाची, राणामामांची, कथा सांगताना त्या स्वतःला पानावरून हटवत नाहीत. तिथे त्यांचे प्रश्न, त्यांची अस्वस्थता, आईचा जुना राग, सगळे आहे. घरच्या गोष्टीत संपादिका दिसते, परक्यांच्या गोष्टीत लपते. दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवून वाचा.

त्यांची संपादकीय नजर सर्वांत धारदार आहे ती 'ऑनर' या प्रकरणात. मार्च 1947 मध्ये रावळपिंडी जिल्ह्यातल्या थोआ खालसा गावी सुमारे 90 स्त्रियांनी विहिरीत उड्या घेतल्या. पुरुष ही हकीकत हौतात्म्य म्हणून, अभिमानाने सांगतात. बुटालिया त्यांना खोटे ठरवत नाहीत. त्या शीर्षकातला 'ऑनर' हा शब्द अवतरणचिन्हांत टाकतात आणि ही उडी कितपत त्या स्त्रियांची निवड होती, असे विचारतात. विहीर भरून गेल्याने न बुडता वाचलेल्या एका स्त्रीचे निवेदन त्याच पुस्तकात आहे. ते अभिमानाच्या गोष्टीशेजारी वाचले की त्या गोष्टीचा सूर बदलतो. दोन छोट्या चिन्हांनी केलेला हा युक्तिवाद परिच्छेदभर विवेचनाहून मला अधिक पटतो.

मर्यादाही आहेत. पुस्तक मुख्यतः पंजाबचे आहे, बंगाल त्यात नाही. लेखिकेनेच तसे म्हटले आहे. पळवून नेलेल्या आणि पुढे 1949 च्या कायद्याखाली, अनेकदा इच्छेविरुद्ध, 'परत आणलेल्या' स्त्रियांचा स्वतःचा आवाज इथे फार थोडा आहे. ज्यांना बोलायचे नव्हते त्यांना बुटालियांनी खोदून विचारले नाही. इतिहासकाराच्या दृष्टीने ही उणीव ठरेल. त्या स्त्रियांपैकी कुणी तुमच्या घरात आजी म्हणून जगत असती, तर तुम्ही तिला विचारले असते का?