ढगांतले नगर आणि खालची खाण

विज्ञानकथेकडे आपला गंभीर वाचक पाहुण्यांच्या पोराकडे पाहावे तसा पाहतो. हातावर खाऊ ठेवावा, कौतुकाचे दोन शब्द बोलावेत, पण मोठ्यांच्या बैठकीत काही बसवून घेऊ नये! जयंत नारळीकरांची ‘कृष्णविवर’ ही कथा १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पहिली आली आणि पुढे २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे चालून आले, तेव्हा ही अढी काहीशी सैल झाली. दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथेच्या नशिबी मात्र तेवढेही नाही. ती मुलांची करमणूक, एवढ्यावर आपण तिचा निकाल लावून मोकळे होतो. हा निकाल घाईचा आहे, असे मला वाटते. आणि तो तपासून पाहावयाचा तर त्यासाठी नायगावसारखी दुसरी जागा नाही.

‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन मालिका १९६६ ते १९६९ या काळात तिकडे दाखविली गेली. आपल्या दूरदर्शनने ती आणली १९८०च्या दशकात. ज्या दशकाच्या आरंभी, १८ जानेवारी १९८२ रोजी, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि गिरणगावातील भोंगे मुके झाले, त्याच दशकात हे अंतराळयान आपल्या घरांत उतरले. या मालिकेतील एक भाग आहे ‘द क्लाउड माइंडर्स’. २८ फेब्रुवारी १९६९ रोजी तो अमेरिकेत प्रथम दाखविला गेला. आज तो पाहताना, हा कोणी दादर पूर्वेला बसून लिहिला की काय, अशी शंका येते.

कथा थोडक्यात अशी. अर्डाना नावाच्या ग्रहावर ढगांत तरंगणारे एक नगर आहे, स्ट्रॅटॉस. तेथे कलावंत आहेत, विद्वान आहेत. हिंसा आम्ही केव्हाच टाकून दिली, असे तेथील लोक अभिमानाने सांगतात. खाली जमिनीत खाणी आहेत आणि त्यांत राबणारे लोक. वरचे म्हणतात, हे लोक जात्याच मंदबुद्धी आणि आडदांड. त्यांना वर घेऊन करावयाचे काय? यानावरील डॉक्टर मॅकॉय तपासून सांगतो की, दोष रक्ताचा नसून खाणीतील वायूचा आहे; माणूस खाणीबाहेर राहिला की बुद्धी पूर्ववत होते. वरच्या घरात चाकरी केलेली व्हॅना म्हणूनच बंडाची पुढारी होऊ शकली. शेवटी वायू गाळणारे मुखवटे देण्याचे ठरते, खनिज मिळते, आणि यान आपल्या मार्गाला लागते.

या कथेचा पहिला गुण असा की, जन्मावर लादलेला दोष ती कामाच्या जागेवर नेऊन ठेवते. गिरणीतील कापसाची तूस वर्षानुवर्षे छातीत भरून दम लागलेल्या माणसाला ‘अंगचाच नाजूक’ म्हणणारे जग आपण पाहिले आहे. दुसरा गुण, अहिंसेचा टेंभा मिरविणारे हेच नगर व्हॅनाला पकडल्यावर तिचा छळ करते. सुसंस्कृतपणाचा मुलामा किती पातळ असतो, हे त्या एका प्रसंगात दिसते.

पण येथेच कथेचे पाऊल अडखळते. नायक कर्क याला खनिज हवे आहे, दुसऱ्या एका ग्रहावरील वनस्पतींची साथ थांबविण्यासाठी. कारण उदात्त खरे. परंतु त्यामुळे खाणकऱ्यांचा लढा हा मालाच्या वाटेतील एक अडथळा होऊन बसतो. आणि उपाय काय, तर मुखवटा! खाण कोणाची, नगर कोणाचे, हा प्रश्न जेथल्या तेथे राहतो. ज्याच्या मूळ कल्पनेवरून हा भाग बेतला, त्या डेव्हिड जेरोल्डलाही हा शेवट रुचला नव्हता.

आपल्याकडे त्या प्रश्नाचे उत्तर नकाशावर वाचता येते. १९९१ साली गिरण्यांच्या जमिनींसाठी नियम झाला, २००१ साली तो बदलला, आणि त्या बदलाने सार्वजनिक वापरासाठी व घरांसाठी सुटावयाच्या जमिनीचा वाटा पुष्कळ आक्रसला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल उचलून धरला. नायगावच्या स्प्रिंग मिलच्या जागेवर आज ढगांना टेकू पाहणारे मनोरे आहेत. मार्च २०२० मध्ये गिरणी कामगारांच्या घरांसाठी जी सोडत निघाली, तीत स्प्रिंग मिलच्या वाट्याची घरे होती २,६३०. ज्यांच्या घामावर गिरणी उभी राहिली, त्यांच्यासाठी चिठ्ठी, बाकीच्यांसाठी बाजार. हाही मुखवट्याचाच प्रकार!

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. अर्डानाच्या खाणीत सगळे एक आहेत. आपली खाण अशी एकजिनसी कधीच नव्हती. धोट्यातील कांडी बदलताना धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. म्हणून विटाळाच्या नावाखाली अस्पृश्य कामगाराला विणाई खात्यात, जेथे मजुरी चांगली तेथेच, मज्जाव असे. १९२८च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. वर्गाची भाषा बोलणाऱ्या आम्हा डाव्यांना तो प्रश्न फार काळ अवघड वाटत आला, हे कबूल केले पाहिजे. खाणीतील माणूस खाणीतल्याच दुसऱ्या माणसाला खाली ढकलतो, तेव्हा कोणता वायू कारणीभूत असतो? मॅकॉयच्या यंत्रात त्याचे मोजमाप नाही.

नायगावच्या बी. डी. डी. चाळी १९२०च्या दशकातल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात, बहुमजली इमारतीत जाण्याचे तेथील रहिवाशांचे ठरले आहे. त्यांनी अवश्य वर जावे; तो त्यांचा हक्क आहे. पण वर गेल्यावर लिफ्ट कोणासाठी थांबते, घरकामाला येणाऱ्या बाईला कोणत्या दाराने यावे लागते, हेही पाहिले पाहिजे. त्या बाईच्या नजरेतून, म्हणजे व्हॅनाच्या नजरेतून, एखादी विज्ञानकथा कोणी मराठीत लिहील काय? तिच्यासाठी फार दूरच्या ग्रहाची गरज पडू नये.