दुसऱ्याच्या द्वेषाची तलवार

शापित तलवारीच्या गोष्टी जगात पुष्कळ आहेत. बहुतेक ठिकाणी तलवार दुष्ट आणि धरणारा बिचारा. अशा गोष्टींत आम्हांला फारसा रस नाही. तिथे विचार करायला काही उरतच नाही. आज घेतली आहे ती सर टॉमस मॅलरीच्या ‘ल मॉर्त दार्थर’मधली, बॅलिनची. विल्यम कॅक्स्टनने १४८५ साली छापलेला हा ग्रंथ.

आर्थर राजाच्या दरबारात एक तरुणी येते. कमरेला तलवार, आणि ती तिला ओझं झालेली. कपटाचा, विश्वासघाताचा डाग नसलेल्या नाइटलाच ती म्यानातून उपसता येईल, अशी अट. आर्थरला उपसत नाही, दरबारातल्या मातब्बरांना उपसत नाही. उपसतो बॅलिन. राजाच्या नातलगाला मारल्याबद्दल सहा महिने कैदेत काढलेला, अंगावर धड कपडे नसलेला.

तरुणी म्हणते, आता परत दे. बॅलिन म्हणतो, नाही देणार. ती बजावते की या तलवारीने तू तुझ्या सर्वांत जिवलग माणसाला मारशील आणि तुझाही नाश होईल. तरी तो ठेवून घेतो.

इथे जरा थांबू या. ही तलवार आली कुठून, हे पुढे मर्लिन सांगतो. या तरुणीच्या प्रियकराला तिच्याच भावाने मारलं होतं. भावाचा सूड घ्यायला ती लेडी लाइलकडे गेली आणि तिथून ही तलवार मिळाली. म्हणजे त्या पोलादात द्वेष आहे तो हिचा. बॅलिनचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. मग द्वेषाला निष्कलंक हात कशाला हवा?

आम्हांला वाटतं, मॅलरीची खरी ताकद इथे आहे. कपटी माणूस स्वतःला ओळखून असतो, दोनदा विचार करतो. निष्कलंक ठरलेला माणूस थांबत नाही. ज्या दरबाराने कैदेत टाकलं, त्याच दरबारासमोर बॅलिनला त्या तलवारीने प्रमाणपत्र दिलं. ते परत करायचं म्हणजे पुन्हा फाटक्या कपड्यांतला कैदी व्हायचं. कोण करील, सांगा बरं!

आणि पुढचं प्रत्येक कृत्य बघा. सरोवराची स्वामिनी आर्थरकडे बॅलिनचं किंवा त्या तरुणीचं शिर मागते. बॅलिन तिचंच उडवतो, कारण तिच्यामुळे त्याची आई मेली होती. ती राजाच्या अभयाखाली आहे, हे त्याच्या डोक्यातही येत नाही. अदृश्य होऊन मारणाऱ्या गार्लनला तो भर मेजवानीत ठार करतो, कारण त्याने बॅलिनच्या सोबतच्या दोघांचा बळी घेतला होता. दर वेळी कारण आहे, आणि खरं आहे. बॅलिन द्वेष करत नाही हो, तो न्याय करतो! द्वेषाचं काम त्या न्यायाच्या हातून परस्पर होत जातं.

गार्लनचा भाऊ राजा पेलम अंगावर येतो तेव्हा बॅलिनची तलवार मोडते. तो दालनादालनांतून धावतो, एक भाला हाती लागतो, तो पेलमला मारतो. किल्ला कोसळतो, तीन मुलुख उजाड होतात. तो भाला येशूच्या कुशीत खुपसलेला! सर्वांत मोठा अनर्थ शापित तलवारीने झालाच नाही, हे अनेक वाचक विसरतात. तलवार मोडल्यावरही पुढे बॅलिनकडे दोन तलवारी दिसतात. ही मॅलरीची ढिलाई, आम्ही तिचं समर्थन करणार नाही.

आपल्याला इथे अश्वत्थामा आठवणारच. पण सौप्तिक पर्वात त्याला अस्त्र परत घेता येत नाही. ती शक्तीच त्याच्याकडे नाही. बॅलिनला देता येत होती, त्याने दिली नाही. म्हणून ‘नियतीने मारला’ असं म्हणून आम्हांला सुटता येत नाही.

आपल्याकडे शिलेदार म्हणजे स्वतःचं घोडं, स्वतःचं हत्यार घेऊन येणारा. बॅलिनकडे बघा: तलवार दुसरीची, भाला दुसऱ्याचा. शेवटी एका किल्ल्यावर कुणीतरी मोठी ढाल देतो आणि तो स्वतःची ओळखीची ढाल मागे ठेवतो. समोर येतो त्याचा सख्खा भाऊ बॅलन. दोन तलवारी पाहून बॅलनला क्षणभर शंका येते, पण ढाल अनोळखी. दोघं एकमेकांना मरणाच्या जखमा करतात, मग नावं विचारतात.

त्या तरुणीचा भाऊ गोष्टीत पुन्हा दिसत नाही. तलवार भावाला मारायला निघाली होती. तिने भाऊ मारला, फक्त दुसऱ्याचा.

दोघांना एकाच थडग्यात पुरतात. किल्ल्याची मालकीण त्यावर बॅलनची हकीकत कोरून घेते. बॅलिनचं नाव तिला ठाऊकच नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मर्लिन येतो आणि ते सोन्याच्या अक्षरांत लिहवून घेतो.