नाव वस्तूचं की वापराचं?

आजचा विषय रुक्ष वाटेल, पण त्यात नावाचा जुनाच प्रश्न दडलाय. एखाद्या छोट्या बोर्डावर कोणत्या चिप आहेत हे लिनक्सला कसं कळतं? तिथल्या पुष्कळशा चिप स्वतःची ओळख सांगत नाहीत. म्हणून सोबत एक तक्ता द्यावा लागतो, त्याला डिव्हाइस ट्री म्हणतात. त्यात काय कोणत्या नावानं लिहायचं याचे नियम म्हणजे बाइंडिंग. मूळ तत्त्व असं की तक्त्यानं हार्डवेअरचं वर्णन करावं, ड्रायव्हरचं नाही.

आवाजाच्या चिपबाबत हे तत्त्व कितपत पाळलं जातं, ते आपण पाहू.

'डब्ल्यूएलएफ,डब्ल्यूएम८७३१' हे नाव घ्या. स्वल्पविरामाआधी कंपनी, नंतर चिप. डब्ल्यूएलएफ म्हणजे एडिंबराची वुल्फसन. २०१४ मध्ये ती सिरस लॉजिकनं विकत घेतली, तक्त्यातलं नाव मात्र तेच राहिलं. आम्हाला हे योग्यच वाटतं. आपल्याकडे शब्दांचे यौगिक आणि रूढ असे भेद केलेत. यौगिकाचा अर्थ अवयवांवरून कळतो, जसं 'पाचक' म्हणजे शिजवणारा. रूढाचा अर्थ संकेतानं. कंपनी गेली तरी संकेत टिकला, आणि बोर्डाबरोबर विकला गेलेला जुना तक्ता त्या संकेतावरच चालतो. उद्या कर्नलनं जुनं नाव टाकून दिलं, तर चालता बोर्ड मुका होईल.

खरी अडचण आहे 'सिंपल-ऑडिओ-कार्ड'ची. अशा बोर्डावर बहुधा कार्ड नसतंच. प्रोसेसर आणि कोडेक तांब्याच्या रेषांनी जोडलेले असतात. 'कार्ड' ही लिनक्सच्या ध्वनिव्यवस्थेची, अल्साची, संकल्पना. आणि 'सिंपल' हा तर अभिप्राय झाला! पुन्हा गुणधर्मांनाही तोच उपसर्ग: 'सिंपल-ऑडिओ-कार्ड,फॉरमॅट'. स्वल्पविरामाआधीची जागा कंपनीची, आणि तिथं बसलाय ड्रायव्हर.

यावर कोणी म्हणेल, कोणती चिप कशाला जोडलीय हेही हार्डवेअरच आहे, ते कुठंतरी लिहायला नको का? हवंच. पण मग नाव जोडणीचं हवं. पुढं आलेल्या 'ऑडिओ-ग्राफ-कार्ड'नं बरंच सुधारलं: 'ग्राफ' जोडण्याच सांगतो, गुणधर्मांचा तो उपसर्गही गळाला. 'कार्ड' तेवढं चिकटून राहिलं.

ड्रायव्हर पुन्हा लिहिता येतो, पण लोकांच्या हाती गेलेला तक्ता परत मागवता येत नाही. तेव्हा नाव ठेवताना आपण एवढंच विचारावं: हा ड्रायव्हर उद्या नसला, तरी हे नाव त्या बोर्डाबद्दल खरं राहील का?