'खुल्या' प्रोटोकॉलचा दावा : एक चिकित्सा

इमारत व औद्योगिक स्वयंचलनात खुला प्रोटोकॉल निवडला की उत्पादकावरील अवलंबित्व संपते, असे प्रतिपादन वारंवार केले जाते. ते अर्धसत्य आहे. १९७९ मध्ये मॉडिकॉनने प्रसिद्ध केलेला मॉडबस खुला व सुलभ आहे; परंतु १६ बिटांच्या रजिस्टरमधील संख्या तापमान दर्शवते की दाब, हे उत्पादकाच्या तक्त्यावाचून कळत नाही. १९९५ मध्ये 'ॲश्रे' या संस्थेने प्रमाणित केलेला बॅकनेट नाव, प्रकार व एकक यांसह माहिती देतो. मात्र त्यातही उत्पादकांना खाजगी गुणधर्म जोडण्याची मुभा आहे. म्हणून साध्या यंत्रजोडणीस मॉडबस आणि बहुउत्पादक इमारत-यंत्रणेस बॅकनेट सोयीचा असला, तरी रजिस्टरांचा तक्ता वा अनुरूपतापत्रक सुपूर्द करण्याची अट निविदेत नसल्यास खुलेपणा नाममात्रच उरतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.