‘कमिसार’ : डब्यात कोंडलेली वेदना

अलेक्सांदर अस्कोल्दोव्हचा ‘कमिसार’ सोव्हिएत क्रांतीच्या पन्नासाव्या वर्षी, १९६७ साली, तयार झाला आणि डब्यात गेला. दिग्दर्शकाची पक्षातून हकालपट्टी झाली. दुसरा कथाचित्रपट त्याला कधीच करता आला नाही. चित्रपट लोकांसमोर आला तो १९८७ मध्ये.

तो पाहताना मी स्वतःला विचारत होतो, यात क्रांतिविरोधी आहे तरी काय? यादवी युद्धात लाल सैन्याची कमिसार क्लाव्दिया गरोदर राहते. बाळंतपणासाठी तिला येफिम मागाझानिक या गरीब ज्यू कारागिराच्या, सहा पोरांच्या घरात ठेवतात. मूळ कथा वासिली ग्रोसमनची, १९३४ची.

या घरातली पोरे एक खेळ खेळतात. खेळ दंगलीचा आहे. भाऊ हल्लेखोर होतात, बहिणीला ज्यू ठरवून छळतात, बांधतात. आपल्यावर होणारा अत्याचार पोरांना इतका पाठ आहे, की अत्याचार करणाऱ्याची भूमिकाही त्यांना शिकवावी लागत नाही. इतके दाहक वास्तव मी पडद्यावर क्वचितच पाहिले आहे.

मग तळघर. बाहेर तोफा, आत पोरांची भीती घालवायला येफिम नाचतो. त्याच नाचातून क्लाव्दियाला पुढचा काळ दिसतो : पिवळे तारे लावलेली हीच माणसे मरणाकडे चालली आहेत. हे दृश्य कथेत नाही. १९३४ साली असणे शक्यही नव्हते. ग्रोसमनच्या आईला नाझींनी १९४१ मध्ये बेर्दिचेव्हलाच मारले.

अधिकाऱ्यांना नेमके हेच दृश्य नको होते. दुःख दाखवा, पण ते ज्यूंचे म्हणून नको! ‘माणूस म्हणून लिहा, जात कशाला आणता?’ हे ऐकत आलेल्या आपल्या लेखकांना ही भाषा ओळखीची वाटेल. अस्कोल्दोव्हने कात्री लावू दिली नाही.

माझी एक तक्रार मात्र आहे. येफिम फार गोड आहे. खोली गेली म्हणून तो सुरुवातीला कुरकुरतो, तेवढाच त्याचा राग. शोषिताला आधी प्रेमळ ठरवायचे आणि मग त्याच्यासाठी रडायचे, ही सहानुभूती मला पुरत नाही. तरी अस्कोल्दोव्हला मी निव्वळ परका प्रेक्षक म्हणू शकत नाही. १९३७ साली आईवडिलांना अटक झाली तेव्हा कीवमधल्या एका ज्यू कुटुंबाने आपल्याला आसरा दिला, असे तो सांगत असे. ते कुटुंब पुढे बाबी यारच्या कत्तलीत गेले.