पाणी कुठपर्यंत आलं होतं?

आमचा रहस्यगेम पूर्ण झाला नाही. चार मित्र, पंचवटीतली एक खोली आणि दीड वर्षाचे शनिवार-रविवार. उरली ती चाळीस मिनिटं खेळता येईल एवढी अर्धवट आवृत्ती. स्वतःच्याच कामाचं परीक्षण करू नये म्हणतात, पण ती कुठे फसली हे मला नीट माहीत आहे.

गोष्ट गोदावरीच्या पुराच्या रात्रीची. संशयित चार. त्यातला एक म्हणतो, "मी रात्रभर रामकुंडाच्या पायऱ्यांवर होतो." दुसऱ्या प्रसंगात एक दुकानदार सहज बोलून जातो, "पाणी दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागलं होतं." नाशिककराला एवढं पुरतं. नदीपात्रातल्या त्या मूर्तीवरूनच आम्ही पूर मोजतो. छातीला पाणी म्हणजे पायऱ्या केव्हाच बुडालेल्या, म्हणजे हा खोटं बोलतोय. गल्लीतल्या पोरांनी ते लगेच पकडलं. लातूरच्या एका मैत्रिणीने मात्र एकेक नाव दाबून पाहिलं. तिसऱ्या नावाला गेम म्हणाला, "शाब्बास!" तिने विचारलं, "पण का?"

बाबुराव अर्नाळकरांची झुंजारकथा वाचताना वाचक मागे राहिला तरी पान उलटतं, शेवटी उलगडा होतोच. गेममध्ये उलगडा खेळणाऱ्याच्या डोक्यात व्हावा लागतो, आणि तो झाला की नाही हे गेमला ओळखता यावं लागतं. लुकास पोपच्या 'रिटर्न ऑफ द ओब्रा दिन'मध्ये (२०१८) जहाजावरच्या ६० जणांचं काय झालं ते शोधायचं असतं. तिथे उत्तरांवर शिक्कामोर्तब होतं ते साधारणपणे तीन बरोबर आल्यावरच, त्यामुळे नुसते अंदाज फार पुरत नाहीत. शिवाय एकच माणूस कपड्यांवरून, बोलण्याच्या ढबीवरून किंवा झोपायच्या झोळीच्या क्रमांकावरून ओळखता येतो. एक वाट हुकली तर दुसरी असते. आमची वाट एकच होती आणि ती फक्त पंचवटीतून जात होती.

"मारुती काढू, सरळ फूट लिहू," असं एकाने सुचवलं. मी विरोध केला, आणि अजूनही वाटतं तो बरोबरच होता. फुटांत मोजलेला पूर कुठल्याही गावचा असतो. पण मग मूर्तीची ओळख गेमनेच करून द्यायला हवी होती. कथा लिहिणारा मित्र दिवसाउजेडीचा एक प्रसंग मागत होता. मी म्हणालो, आधी पाऊस पुरा करू. तीन महिने मी थेंब पाडत बसलो. कोड चुकलं की कॉम्प्युटर सांगतो. धागा लागतोय का, हे मात्र माणसांना विचारावं लागतं, आणि ते मला टाळायचं होतं. तोवर त्या मित्राला बाहेरगावी नोकरी लागली आणि आमचा ग्रुप गप्प झाला.

गेल्या पावसाळ्यात होळकर पुलावर उभा होतो. शेजारी एका लहान मुलीने वडिलांना विचारलं, "किती आलंय?"

"गुडघ्याला," त्यांनी मारुतीकडे बोट दाखवलं. "कमरेला लागलं की आपण घरी जायचं."

आम्हाला हवा असलेला प्रसंग एवढाच होता.