प्रशिक्षण आणि प्रतिभाशोध : उच्च गणिताच्या अल्पमुदतीच्या शिबिरांची चिकित्सा

बीजसंज्ञा : उच्च गणित, एमटीटीएस, एटीएम स्कूल, शिफारसपत्र, अध्यापनाची भाषा, खानदेश

प्रस्तावना

विद्यापीठीय पातळीवरील गणिताच्या अध्यापनात गेल्या तीन दशकांत जे काही नवे घडले, त्याचा बराच भाग विद्यापीठांच्या नियमित वर्गांत न घडता सुट्ट्यांत भरणाऱ्या अल्पमुदतीच्या शिबिरांत घडला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. अणुऊर्जा विभागाने १९८३ मध्ये स्थापन केलेल्या राष्ट्रीय उच्चतर गणित मंडळाच्या अर्थसाहाय्यावर ही शिबिरे उभी राहिली. मुंबई विद्यापीठात दीर्घकाळ अध्यापन केलेले प्रा. एस. कुमारेसन यांनी १९९३ मध्ये 'मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च' हा कार्यक्रम सुरू केला. तो एमटीटीएस या नावाने ओळखला जातो. पुढील दशकात आयआयटी मुंबईचे प्रा. जे. के. वर्मा यांच्या पुढाकाराने 'अॅडव्हान्स्ड ट्रेनिंग इन मॅथेमॅटिक्स' ही शिबिरांची मालिका आकारास आली. तिला गणिताच्या वर्तुळात 'एटीएम स्कूल' म्हणतात आणि त्यावरून बँकेच्या यंत्राचा विनोद प्रत्येक तुकडीत एकदा तरी होतो. पुढे आयआयटी मुंबई आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांच्या संयुक्त राष्ट्रीय गणित केंद्राकडे या मालिकेचे व्यवस्थापन आले.

या उपक्रमांविषयी मराठीत जे थोडे लेखन आढळते, ते बहुतांशी गौरवपर आहे. गौरव अस्थानी नाही. तथापि, नंदुरबार जिल्ह्यातील कळसाडीसारख्या गावातून बी.एस्सी.पर्यंत पोहोचलेल्या विद्यार्थ्याच्या जागेवरून पाहिले असता या शिबिरांचे चित्र निराळे दिसते. प्रस्तुत लेखात त्या जागेवरून या उपक्रमांची चिकित्सा केली आहे.

शिबिरात नेमके काय घडते?

एमटीटीएसचे शिबिर साधारणपणे चार आठवड्यांचे असते आणि ते उन्हाळ्यात भरते. पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षापर्यंतच्या विद्यार्थ्यांसाठी तीन पातळ्या असतात. एटीएम मालिकेतील 'अॅन्युअल फाउंडेशन स्कूल' ही मुख्यतः पीएच.डी.च्या आरंभीच्या विद्यार्थ्यांसाठी असून तीत बीजगणित, विश्लेषण, टोपॉलॉजी या पायाभूत विषयांची व्याख्याने आणि त्यांना जोडून उदाहरणे सोडविण्याची सत्रे होतात. याच मालिकेत अध्यापकांसाठीही स्वतंत्र शिबिरे आहेत. पुण्यात श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ मध्ये स्थापन केलेल्या भास्कराचार्य प्रतिष्ठानाने अशा शिबिरांचे यजमानपद भूषविले आहे.

परंतु वेळापत्रकावरून शिबिराचे मर्म कळत नाही. ते एका उदाहरणाने स्पष्ट करता येईल. लॅग्रांजचे प्रमेय पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते : सांत गटाच्या उपगटातील घटकांची संख्या मूळ गटाच्या घटकसंख्येला निःशेष भागते. परीक्षेत विधान आणि सिद्धता लिहिली की गुण मिळतात आणि विषय संपतो. शिबिरात विषय तेथून सुरू होतो. व्यत्यास खरा आहे काय, असे विचारले जाते आणि उत्तर न देता अध्यापक बाजूला होतो. कोणी तरी चार अक्षरांच्या सम क्रमचयांचा गट फळ्यावर मांडतो. त्यात १२ घटक आहेत. सहा घटकांचा उपगट त्यात असेल काय? असेल, तर तो गटाचा बरोबर अर्धा भाग व्यापतो आणि अशा वेळी गटातील प्रत्येक घटकाचा वर्ग त्या उपगटातच पडावा लागतो. आता तीन अक्षरांचे कोणतेही चक्र घ्यावे. ते तीनदा लागू केले की सर्व अक्षरे पूर्वस्थानी येतात, म्हणून ते स्वतःच्याच वर्गाचा वर्ग असते. अर्थात अशी सर्व चक्रे उपगटात हवीत. त्यांची संख्या आहे आठ आणि उपगटात जागा आहे सहा. म्हणजे असा उपगट नाही. 

ही सिद्धता कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडते, तिच्यात नावीन्य नाही. मात्र ज्याने ती स्वतः फळ्यापाशी उभे राहून, दोनदा चुकून, सहाध्यायांच्या शंकांना तोंड देऊन शोधली, त्याचे गणिताशी असलेले नाते बदलते. प्रमेय ही सांगितलेली गोष्ट न राहता तपासून पाहण्याची गोष्ट होते. विद्यार्थ्याला बोलते करणे हा या शिबिरांचा खरा शोध होय आणि त्याला भव्य संस्था, महाग उपकरणे किंवा वातानुकूलित सभागृह लागत नाही, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

नावातील दुसरा शब्द

एमटीटीएसच्या नावात दोन प्रतिज्ञा आहेत : प्रशिक्षण आणि प्रतिभाशोध. पहिली प्रतिज्ञा या कार्यक्रमाने निःसंशय पाळली आहे. दुसरीविषयी तसे म्हणता येत नाही. शोध म्हणजे शोधणाऱ्याने जाणे. येथे मात्र शोधल्या जाणाऱ्यानेच यावे लागते. सूचना इंग्रजीत प्रसिद्ध होते, अर्ज इंग्रजीत भरावा लागतो, शैक्षणिक कामगिरी पाहिली जाते आणि गणिताच्या अध्यापकाचे शिफारसपत्र लागते. निवड झालेल्यांना निवास व भोजन विनामूल्य मिळत असे, रेल्वेचे भाडेही मिळत असे. आर्थिक अडचणीचा विचार आयोजकांनी केला होता, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. अडथळा भाड्याच्या आधी येतो.

२०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे आणि साक्षरता सुमारे ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी. कळसाडीहून तालुक्याच्या महाविद्यालयात येणारी एखादी विद्यार्थिनी बहुधा घरातील पहिली पदवीधर असते. तिला शिबिराची वार्ता मिळण्याचा मार्ग एकच, तिचा अध्यापक. त्या अध्यापकाने असे शिबिर कधी पाहिले नसेल, तर तो सूचना फलकावर लावेल, पण वर्गात तीविषयी बोलणार नाही. शिफारसपत्रातही अडचण आहे. ज्या वर्गात विद्यार्थी प्रश्न विचारीत नाहीत, तेथील अध्यापकाने गुणपत्रिकेखेरीज कशाच्या आधारावर शिफारस करावी? मग 'कष्टाळू व प्रामाणिक' ही दोन विशेषणे लिहिली जातात. निवड करणाऱ्याला त्यातून काहीही कळत नाही. शिबिर जी बोलती, शंका घेणारी बुद्धी घडवू पाहते, तिचीच साक्ष शिबिराच्या प्रवेशासाठी मागितली जाते, ही या पद्धतीतील अंतर्गत विसंगती होय.

मुलींच्या बाबतीत चार आठवडे परगावी राहण्याचा प्रश्न वेगळा आहे. तेथेही अध्यापकाने घरी जाऊन बोलणे हाच बहुधा निर्णायक घटक ठरतो.

'खरी प्रतिभा आपला मार्ग काढतेच' असा युक्तिवाद यावर केला जातो. ज्यांना मार्ग सापडला नाही त्यांची नोंदच कोठे होत नसल्यामुळे या युक्तिवादाचे खंडन कधीच करता येत नाही. गणिताच्या अध्यापकांनी तरी अशा विधानाला प्रमेयाचा मान देऊ नये.

बोलण्याची भाषा

शिबिरात प्रवेश मिळाल्यावरही एक प्रश्न उरतो. खानदेशातील महाविद्यालयांत गणिताचे पुस्तक इंग्रजी, फळ्यावरील लेखन इंग्रजी आणि स्पष्टीकरण मराठी अशी व्यवस्था सर्रास आढळते. विद्यार्थ्याची घरची भाषा अहिराणी, भिली किंवा गुजरी असू शकते. त्याने संकल्पना समजून घेतलेली असते ती या मिश्र भाषेत. अखिल भारतीय शिबिरात निरनिराळ्या भाषांचे विद्यार्थी एकत्र असल्याने इंग्रजीला पर्याय नसतो, हे मान्य. परंतु ज्या पद्धतीचा आधारच मोठ्याने विचार करणे हा आहे, तीत भाषेमुळे गप्प राहिलेला विद्यार्थी संथ समजला जाण्याचा धोका संभवतो. व्याख्यानपद्धतीत गप्प विद्यार्थ्याचे नुकसान झाकले जाते, संवादपद्धतीत ते चव्हाट्यावर येते.

मराठीत उच्च गणित बोलता येत नाही, हा समज मात्र निराधार आहे. सातत्य आणि एकसमान सातत्य यांतील भेद पाहावा. पदवीच्या विद्यार्थ्यांना तो सर्वाधिक छळतो, कारण दोन्ही व्याख्यांत तेच शब्द असतात, फक्त त्यांचा क्रम बदलतो. 'प्रत्येक वस्तीला एक हातपंप आहे' आणि 'असा एक हातपंप आहे की जो प्रत्येक वस्तीला पुरतो' ही दोन वाक्ये पाड्यावरच्या मुलाला एकसारखी वाटत नाहीत. दुसऱ्या वाक्यासाठी उन्हाळ्यात किती पायपीट करावी लागते, हे त्याला ठाऊक असते. एप्सिलॉन ठरलेला असताना प्रत्येक बिंदूसाठी वेगळा डेल्टा मिळणे हे पहिले वाक्य, सर्व बिंदूंना पुरणारा एकच डेल्टा मिळणे हे दुसरे. संख्येचा वर्ग देणारे फल संपूर्ण वास्तव रेषेवर सतत आहे, पण एकसमान सतत नाही. कारण जसजसे शून्यापासून दूर जावे तसतसा डेल्टा लहान घ्यावा लागतो आणि सर्वांना पुरणारा एकही उरत नाही. मराठीतील 'जो–तो' ची रचना हा क्रम जितका नेमका सांगते, तितका नेमकेपणा घाईच्या इंग्रजीतही आढळत नाही. शासनाच्या भाषा संचालनालयाने गणितशास्त्राचा परिभाषा कोश सिद्ध केला आहे, परंतु उणीव संज्ञांची नसून वाक्यांची आहे, आणि वाक्ये कोशातून येत नाहीत, ती वर्गात बोलून घडतात.

या प्रदेशाचा इतिहास येथे आठवतो. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला. १२०७ सालचा तेथील शिलालेख त्याची साक्ष देतो. लेखातील विद्वत्तेचा भाग संस्कृत श्लोकांत आहे, दानाचा तपशील मात्र जुन्या मराठीत. ज्ञान एका भाषेत आणि ते ज्ञान पोसणाऱ्यांशी करावयाचा व्यवहार दुसऱ्या भाषेत, ही विभागणी आठशे वर्षांपूर्वीची आहे. तिचा अभिमान बाळगावा की खंत, हे सांगणे अवघड आहे.

परतल्यानंतर

शिबिरातून परतलेला विद्यार्थी पुन्हा त्याच वर्गात बसतो. प्रश्नपत्रिकेचा साचा तोच असतो. चार आठवडे सिद्धता शोधावयास शिकलेल्या मुलास पुन्हा ती पाठ करण्याचा सल्ला मिळतो आणि गुणांच्या दृष्टीने तो सल्ला चुकीचाही नसतो. शिबिरांच्या यशाचे मोजमाप संशोधनाकडे वळलेल्यांवरून केले जाते. जे वळले नाहीत, जे आश्रमशाळेत किंवा कनिष्ठ महाविद्यालयात शिक्षक झाले, त्यांचा विचार क्वचितच होतो. वस्तुतः नंदुरबारसारख्या जिल्ह्यात शिबिराचा प्रभाव खोलवर पोहोचू शकेल तो त्यांच्याच द्वारे.

यासाठी मुंबई–पुण्याकडे पाहत राहण्याचे कारण नाही. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचे कार्यक्षेत्र जळगाव, धुळे व नंदुरबार या तीन जिल्ह्यांपुरते आहे. एवढ्या आटोपशीर क्षेत्रात परीक्षा संपताच एका आठवड्याचे शिबिर भरविणे अशक्यप्राय नाही. व्याख्यान इंग्रजीत आणि उदाहरणांचे सत्र मराठीत अशी रचना ठेवली, तर विद्यार्थी फळ्यापाशी बोलू लागतील. त्यांतून जे पुढे येतील त्यांच्याविषयी शिफारसपत्रात लिहिण्यासारखे काही अध्यापकाजवळ असेल. पुण्याचे स. प. महाविद्यालय आणि होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र यांनी पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी सुरू केलेली माधव गणित स्पर्धाही एका महाविद्यालयाच्या गणित विभागातून उभी राहिली, हे या संदर्भात लक्षणीय आहे.

अध्यापकांच्या बाबतीत स्थिती अधिक विचित्र आहे. उजळणी वर्गाचे प्रमाणपत्र पदोन्नतीस आवश्यक असते म्हणून तेथे गर्दी होते आणि अनेकदा तीत गणित सोडून सर्व काही असते. राष्ट्रीय गणित केंद्राच्या अध्यापक-शिबिरात दिवसभर उदाहरणे सोडवावी लागतात, स्वतःचे अज्ञान तरुण सहायकासमोर उघडे पडते. तेथे जाण्यास प्रौढ अध्यापक कचरतो, ही मानवी दुर्बलता आहे, पण तिची किंमत विद्यार्थी मोजतो.

एक प्रशासकीय वाटही उपलब्ध आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीत महाराष्ट्रातील पदव्युत्तर अभ्यासक्रमात पहिल्या वर्षी कार्यप्रशिक्षणासाठी ४ श्रेयांक ठेवण्यात आले आहेत. गणिताच्या विद्यार्थ्याने त्यासाठी कोठे जावे, या प्रश्नावर विभागप्रमुख दरवर्षी हैराण होतात. ४ श्रेयांकांचे १२० तास होतात आणि दिवसाला सहा तास व आठवड्याला पाच दिवस धरले, तर चार आठवड्यांच्या गणित-शिबिराचेही तितकेच. अभ्यासमंडळाने अशा शिबिराला या श्रेयांकांसाठी मान्यता देण्याचा ठराव केला, तर कळसाडीच्या विद्यार्थिनीला घरी सांगता येईल की हे परीक्षेचेच काम आहे. तो ठराव मांडण्याचा अधिकार अभ्यासमंडळावर बसलेल्या महाविद्यालयीन अध्यापकांचाच आहे.